मागं सरलेलं पाणी आणि व्याह्यांची गाडी

लिंबागणेशच्या गणपतीकडं तोंड करून सांगतो, आता जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर उद्या माझ्या दुकानाचं शटर वर जाऊ नये. बरं, ते शटर तसंही महिनाभर अर्ध्यातच अडकतंय, तेव्हा त्याच्यावर जाऊ नका. आणि अक्षर न् अक्षर म्हणजे अगदी सगळीच अक्षरं असंही नाही. एखाद्या ठिकाणी थोडं मीठ जास्त पडलं असेल. गोष्ट समुद्राची आहे, मीठ पडणारच.

गेवराईत काही लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणू द्या. पण मी तुम्हाला खरं सांगू का, ही गोष्ट थाप असती तर किती बरं झालं असतं! मी रोज सकाळी दुकानात उदबत्ती लावताना देवाला हेच म्हणतो, की बाबा, जन्मभर मारलेल्या सगळ्या थापा खऱ्या कर नाही तर खोट्या कर, तुझी मर्जी, फक्त ही एवढी एक गोष्ट थाप निघू दे. निघत नाही.

तर झालं असं. माझी रोहिणी अंबाजोगाईला दिली. पोरगी लई हुशार, म्हणजे माझ्यावर अजिबात गेलेली नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं, तेवढ्यात चांगलं स्थळ आलं आणि मी घाई केली. सासरची मंडळी म्हणाली, लग्न होऊन जाऊ द्या, कॉलेजचं नंतर बघू. ते 'नंतर' काही उगवेना.

आमचे व्याही व्यंकटराव. कॉलेजात हेडक्लार्क होते, आता रिटायर. जन्मभर लोकांच्या पोरींना ॲडमिशन दिली, आणि घरच्या सुनेचा विषय निघाला की पेपर उघडून बसायचे. माणूस वाईट नाही हो. आवाज चढवत नाहीत, टोमणा मारत नाहीत. पण एकदा का 'बघू' म्हणाले, की ते बघणं एखाद्या सरकारी पुलासारखं लांबत जातं.

रोहिणीचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, जानेवारीपासून कॉलेजात बसले न्हाई तर माझं वर्ष गेलं. तुमी एकदा त्यांच्याशी बोला. पण नीट बोला. थापा नका मारू."

शेवटचं वाक्य बापाला लागतं का नाही सांगा?

आता व्याह्याशी बोलायचं म्हणजे काय, ते पोरीच्या बापालाच ठाऊक. त्यांच्या घरी जाऊन विषय काढावा तर पोरीनंच बोलावलं असं वाटतं. त्यांना आपल्या घरी बोलवावं तर टॉवेल-टोपी, मानपान, आणि चार नातेवाईक मधे बसून सगळं वाटोळं करतात. म्हणून मी डोकं लढवलं. माणूस घरात 'नाही' म्हणतो तोच बाहेर पोट भरल्यावर, वारा खाताना 'हो' म्हणतो. आणि लग्नाच्या पंगतीतच व्यंकटराव एकदा बोलून गेले होते, की सगळं पाहिलं, समुद्र तेवढा राहिला.

तेव्हा मी काय म्हणालो असेन? "समुद्र ना? अहो, माझ्या पायाखालचा. दरसाल जातो."

खरं म्हणाल तर मी समुद्र एकदाच पाहिला होता. कॉलेजच्या सहलीत, बसच्या खिडकीतून, आणि तेव्हा माझं डोकं ज्या कामासाठी खिडकीबाहेर होतं त्या कामात समुद्राकडं नीट लक्ष देता आलं नव्हतं.

ठरलं. चौघं जायचं. व्यंकटराव, मी, आणि माझे दोन दोस्त. एक नाना, आमच्या शेजारगावचे माजी सरपंच. धरणाकाठी शेती. पद गेलं पण कोणत्याही गोष्टीवर निकाल द्यायची सवय गेली नाही. दुसरे मन्मथप्पा, कापडाचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, कांदा चालतो पण अंड्याच्या नुसत्या चित्रालाही तोंड फिरवणार. ते घरून पाण्याचा एक मोठा जार भरून घेऊन आले. नाना म्हणाले, "आप्पा, समुद्राला चाललो आपण. पाणी तिथंबी हाय." आप्पा म्हणाले, ते पाणी कुणी गाळलेलं नाही.

निघायचा दिवस व्यंकटरावांनी ठरवला. अंबाजोगाईकडं येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात जाऊन साजरी करतात. कडब्याची खोपटीसारखी कोप करून पूजा, पालेभाज्या-डाळींची भज्जी, आंबील, सगळं गाव रानात. ती झाल्याशिवाय ते उंबरा ओलांडणार नव्हते, आणि आवसेच्या दिवशी तर कुणीच निघत नाही. मग आवस संपली तसं दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. हे ध्यानात ठेवा. आम्ही मुहूर्त बघून गेलतो. बिनमुहूर्ताचं मरण आलं असतं तर एवढं दुःख नसतं.

आणि गाडी? गाडी व्यंकटरावांची. नवी कोरी, पांढरी. रिटायर झाल्यावर घेतलेली पहिलीच. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं, आणि बसलं की अंगाखाली पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. मागच्या काचेवर 'आई-वडिलांची पुण्याई'. मी म्हणालो, जुनी जीप आहे नानांची, ती नेऊ. तर म्हणाले, नको अंकुशराव, व्याह्याची गाडी असताना दुसऱ्याची कशाला? असं म्हणून स्वतःच्या हातानं किल्ली माझ्या हातात दिली. लग्नात मी पोरीचा हात त्यांच्या मुलाच्या हातात दिला होता, तेव्हा त्यांच्या तोंडावर एवढी काळजी नव्हती.

एक मुक्काम पुण्यात नानांच्या भाच्याकडं केला, दुसऱ्या दिवशी घाट उतरलो, आणि दुपारी तो रस्ता लागला. काय रस्ता हो! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसतं पाणी. वळण संपलं की पुन्हा पाणी. आपल्याकडं वळण संपलं की ढाबा येतो. एका खाडीवर तर गाडीसकट बोटीत चढलो. नानांनी तेवढा वेळ डोळे मिटून घेतले आणि वर म्हणाले की झोप लागली होती.

व्यंकटराव काच खाली करून बसले होते. बोलत नव्हते, पण चेहरा कसा, पहिला पगार झालेल्या पोरासारखा. मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं. एकदा नाना ओरडले, माकडं. दुसऱ्यांदा आप्पांना लागली.

दुपारचं जेवण एका घरगुती खानावळीत. मालकीणबाई मोठ्या मायेच्या. आप्पांसाठी बिरड्याची उसळ, भात, सोलकढी. आप्पांनी सोलकढीचा रंग बघून आधी मला चाखायला लावली. नानांनी मासा मागवला आणि मटण खातात तसा दातानं तोडला. मग अर्धा तास काटा. भात गिळ, केळं गिळ, पाठीत बुक्क्या. व्यंकटराव मात्र शांतपणे एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडत होते. हेडक्लार्क तो हेडक्लार्कच.

बाईंनी विचारलं, राहणार कुठं? मी सांगितलं, तंबू आणलाय, समुद्रावर टाकतो. त्या म्हणाल्या, मग वर सुरूच्या झाडांत टाका, गाडीही तिथंच ठेवा. मी मान डोलावली. त्या गावाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तिथं अजून माझी ओळख शिल्लक असेल.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सुरूचं बन, त्याच्यापुढं वाळू, आणि पाणी कुठं? पाणी पार लांब. मधे नुसतं ओलं, सपाट, चकचकीत मैदान. नाना खाली उतरले, चप्पल काढली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"बे अंकुशा," ते म्हणाले, "एवढं रान पडीक काहून ठेवलं यांनी?"

आता तुम्ही हसू नका. आमच्याकडं धरणाचं, तळ्याचं पाणी दिवाळीनंतर मागं सरायला लागतं. पाणी सरलं की खाली ओला गाळ मोकळा होतो, आणि त्या गाळात लोक हरभरा, टरबूज लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. नानांची निम्मी शेती त्याच्यावर. आणि त्या शेतीचा सगळा पाया एकाच गोष्टीवर उभा आहे: एकदा मागं सरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. आमच्या सात पिढ्यांनी पाणी जाताना पाहिलंय. परत येताना पाहिलंय का कुणी? आमच्याकडं गेलेला पुढारी परत येतो, गेलेलं पाणी येत नाही.

तेव्हा आम्हा तिघांच्या मनात शंकासुद्धा आली नाही. शंका आली ती व्यंकटरावांना. म्हणाले, "अंकुशराव, भरती-ओहोटी म्हणून काही असतं ना?"

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण दरसाल येणारा माणूस मी!

म्हणालो, "असतं की. पुनवेला भरती, आवसेला ओहोटी. परवा येळवस झाली, म्हणजे आत्ता समुद्र तळाला गेलेला. आता पुनवेपर्यंत रोज थोडं थोडं भरत येईल. आपण तर उद्या सकाळी निघणार."

हे ज्ञान मला कुठून मिळालं म्हणता? कुठूनच नाही. बोलता बोलता तयार झालं. आणि इतकं पटण्यासारखं तयार झालं की मलाच पटलं.

व्यंकटराव म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. दरसाल येता."

तरी खात्री म्हणून नानांनी धरणावर करतात तसं केलं. पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवली. जरा वेळानं जाऊन पाहिलं तर काडी कोरडी आणि पाणी आणखी मागं. नानांनी निकाल दिला, "पाणी उतरणीला हाय. गाडी घ्या खाली."

काडी खोटं बोलत नव्हती हो. पाणी खरंच उतरत होतं. देवानं आमचा घात करायचा ठरवला तेव्हा पुराव्यासकट केला.

गाडी मी आधी बनातून वाळूवर आणली. ओली वाळू कडक, डांबरी रस्त्यासारखी. मग वाटलं, व्याही एवढ्या लांबून आले, त्यांना पाणी लांबून का दाखवायचं? आणखी खाली घेतली. तोवर पाणी पुन्हा मागं. म्हणजे काय, समुद्र व्याह्यांना बघून लाजतोय आणि मी गाडी घेऊन त्याच्या मागं. शेवटी नानांच्या काडीपाशी गाडी लावली, शेजारी तंबू ठोकला, सतरंजी अंथरली. मागं वळून पाहिलं तर सुरूची झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसत होती.

तेवढ्यात त्या झाडांपाशी खानावळीच्या बाई दिसल्या. दोन्ही हात वर करून हलवत होत्या. काहीतरी ओरडतही होत्या, पण वारा आमच्याकडून तिकडं. नाना म्हणाले, लोक लई प्रेमळ हायत इकडचे. त्यांनीही दोन्ही हात हलवले. आप्पांना वाटलं, रात्रीच्या जेवणाचं विचारतायत. ते उभे राहिले आणि मासा नको, मासा नको अशा खुणा केल्या. बाईंनी कपाळावर हात मारला आणि गावाकडं पळत सुटल्या. आप्पा समाधानानं खाली बसले. म्हणाले, समजलं त्यांना.

सूर्य बुडाला. त्याचं वर्णन मी करत नाही, माझी ती लायकी राहिलेली नाही. कंदील लावला. डबे उघडले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि व्यंकटरावांच्या घरून आलेल्या येळवशीच्या तिळाच्या पोळ्या. चौघं गोल बसलो. मंद वारा, समोर लाटांचा आवाज. आवाज आधीपेक्षा मोठा येत होता, ते मी अंधाराच्या खात्यावर टाकलं.

आणि बघा, मी तोंड उघडायच्या आधीच व्यंकटरावांनी हातातली पोळी खाली ठेवली. समुद्राकडं बघत म्हणाले, "अंकुशराव, एक बोलायचं होतं. रोहिणीच्या कॉलेजचं..."

याच्यासाठी तर एवढा सगळा खटाटोप! मी मांडी सावरून बसलो. आणि बुडाखाली गार लागलं.

मी आप्पांकडं पाहिलं. त्यांचा जार माझ्या मागंच होता. मी दात-ओठ खात हळूच म्हणालो, "आप्पा, जार सांडला." आप्पा म्हणाले, झाकण घट्ट आहे. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं आणि व्यंकटरावांना म्हणालो, "हां, कॉलेजचं म्हणत होता."

"म्हणजे," ते म्हणाले, "मी विचार करत होतो, की लग्न झालं म्हणून पोरीनं..."

इथं नानांची चप्पल आली.

आली म्हणजे, नानांनी ती जेवायला बसताना पाण्याच्या बाजूला काढून ठेवली होती, ती आता आपण होऊन आमच्यापर्यंत आली, सतरंजीला एक धक्का दिला आणि पुढं बनाच्या दिशेनं निघून गेली. नानांनी तिच्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून सांगितलं, बोलू नका. तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? इतके महिने पेपरमागं बसलेला माणूस एक वाक्य बोलत होता. ते वाक्य पुरं व्हायला चार शब्द राहिले होते. पाण्यापायी उठून उभा राहिलो असतो तर ते चार शब्द गेले असते.

मी बसून राहिलो. पाणी मांडीवर आलं. तिळाची पोळी तरंगायला लागली. मी म्हणालो, "बोला, बोला. निवांत बोला."

व्यंकटरावांनी खाली पाहिलं. मग त्यांनी मागं वळून गाडीकडं पाहिलं. गाडीची चाकं अर्धी दिसत होती.

ते उठले. वाक्य तसंच राहिलं.

पुढचं सगळं एकदमच झालं. मी पळत जाऊन गाडी चालू केली. मघाची डांबरासारखी वाळू आता शिऱ्यासारखी झाली होती. जेवढा रेस देतोय तेवढी चाकं खाली. नाना बाहेरून हुकूम सोडतायत, चाकाखाली दगड घाला, गोणपाट घाला. दगड कुठून आणायचा? मग मागच्या चाकाखाली तंबू घातला. गाडीनं तंबू खाल्ला आणि आणखी बसली. आप्पा एका हातानं गळ्यातलं लिंग आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा जार धरून 'शिवा शिवा' करत उभे. त्या समुद्रात त्या माणसाला पिण्याच्या पाण्याची काळजी!

तेवढ्यात बनाकडून बॅटऱ्या आल्या. त्या बाई गावातली माणसं घेऊन आल्या होत्या. त्यांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. आधी माणसं, म्हणाले, आणि आम्हा चौघांना दंडाला धरून ओढत वर नेलं. बाई मला म्हणत होत्या, की एवढे हात केले, तुम्ही उलटे नाचत काय होतात?

वर वाळूच्या कडेला उभं राहून आम्ही गाडीकडं बघत राहिलो. आधी पाणी दाराला लागलं, मग काचेला. आणि मग, ऐका, गाडीचे दिवे आपोआप लागले. हॉर्न आपोआप वाजायला लागला. वायपर सुरू झाले. अख्खा समुद्र पुढ्यात आणि ते वायपर बिचारे काच पुसतायत. आई-वडिलांची पुण्याई हळूहळू दिसेनाशी झाली. मी माझ्या बापाच्या मातीला रडलो नसेन इतका त्या हॉर्नला रडलो.

व्यंकटराव कुणाचीतरी लुंगी नेसून शेजारी उभे होते. मला वाटत होतं, त्यांनी शिवी द्यावी. एक कानाखाली द्यावी. मी गाल पुढं करूनच उभा होतो म्हणा ना. नाही. नुसते उभे.

आणि माझ्या शर्टाच्या वरच्या खिशातला फोन वाजला. सगळं बुडालं, तो फोन कोरडा. रोहिणी.

"पप्पा, विषय काढला का?"

"निघालाय," मी म्हणालो. "पुरा व्हायचाय."

"काय म्हणले?"

"अजून... बघतायत."

"आणि तो कसला आवाज येतोय? हॉर्नसारखा?"

"कोकणात ट्रॅफिक लई आहे गं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पोरीनं थापा मारू नका सांगितलं होतं, पण सांगा, खरं कोणत्या तोंडानं सांगणार?

ती रात्र खानावळीच्या ओसरीवर गेली. मी झोपलो नाही. विचार एकच. गाडी गेली तर गेली, गाडी काय, लोखंड आहे. पण आता उद्यापासून रोहिणी त्या घरात चहाचा कप जरी ठेवायला गेली, तरी तिच्याकडं बघून त्यांना समुद्र आठवणार. 'तिच्या बापानं' म्हणून सुरू होणारं प्रत्येक वाक्य आता त्या घरात तयार होतं. कॉलेज तर सोडाच. त्या पोरीला मी तोंड वर करून पाणी मागायची सोय ठेवली नव्हती.

सकाळी पाहतो तर समुद्र पुन्हा लांब. जसं काही झालंच नाही! मधे गाडी तिरकी उभी, दारातून पाणी गळतंय, आरशाला शेवाळ. दार उघडलं तर ड्रायव्हरच्या सीटवर एक खेकडा. सीटचं प्लास्टिक जसंच्या तसं. नाना मला धीर द्यायला म्हणाले, "बघ, सीटला काय झालं न्हाई." मी नानांकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर ते पुण्यापर्यंत बोलले नाहीत.

एक जुगाडी माणूस मोठी गाडी घेऊन आला, त्यानं आमची बाहेर ओढली, आणि ती त्या मोठ्या गाडीवर चढवून आम्ही परत निघालो. पुढं केबिनमधे आम्ही चौघं दाटीवाटीनं, मागं ती. घाट चढताना प्रत्येक वळणावर ती मागून पाणी सोडायची, त्यामुळं मागच्या गाड्यांना वाटायचं, पाऊस आला. व्यंकटराव खिडकीपाशी. पुणं गेलं, नगर गेलं, शब्द नाही. आप्पांनी दोनदा जारातलं पाणी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको.

गेवराई आली. मी उतरणार, ते पुढं अंबाजोगाईला जाणार. हायवेवर चहाला थांबलो. मी ठरवलंच होतं, इथं त्यांचे पाय धरायचे. माझ्यापेक्षा वर्षादोनवर्षानंच मोठे असतील, पण धरायचे. रोहिणीवर राग काढू नका, एवढंच मागायचं. कॉलेजचा क उच्चारायचा नाही.

मी वाकलो. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. चहाचा कप खाली ठेवला आणि गाडी बुडाल्यापासून पहिल्यांदा बोलले.

"अंकुशराव, रोहिणी जानेवारीपासून कॉलेजात जाईल. बी.एस्सी. झालं की पुढंही शिकेल. जेवढं शिकता येईल तेवढं शिकेल. मी स्वतः सोडायला जाईन."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी म्हणालो, "व्याहीबुवा, एवढं सगळं होऊनसुद्धा तुमचं मन एवढं मोठं?"

"मन नाही," ते म्हणाले. "भीती. उद्या नातवंडं होतील. त्यांच्यात तुमचं रक्त येणार, ते काही मला थांबवता येत नाही. निदान त्यांची आई तरी शिकलेली पाहिजे."

आणि एवढं बोलून व्यंकटराव खदखदून हसले. नाना हसले, आप्पा हसले, मीही डोळे पुसत हसलो. चहावाला हसला. व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला लागली.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण सुरुवातीला शपथ घेऊन बसलोय, आणि रोहिणी हे वाचणार आहे. बी.एस्सी. होऊन पुढचं शिकतेय आता, तिला सगळं वाचता येतं. तेव्हा सांगूनच टाकतो. काडी, चप्पल, वायपर, खेकडा, सगळं खरं. नातवंडांचं ते वाक्यही खरं, शब्दाला शब्द. खोटं एवढंच, की व्यंकटराव हसले. ते हसले नव्हते. चहा संपवला, खिडकीपाशी जाऊन बसले आणि गेले. त्यांचं हसणं मी घातलं, कारण त्याशिवाय हा किस्सा मला सांगताच येईना.

परवा नातवाच्या बारशाला गेलतो. पाळण्यात पोरगं माझ्याकडं बघून हसलं. व्यंकटरावांनी ते पाहिलं आणि सुनेला विचारलं, परीक्षा कधी आहे.